पावसाळ्यात बोर्ड गेमचा बोर्ड वाकतो, पत्ते वळतात: आधी काय बघायचं आणि हात कुठं थांबवायचा

जूनच्या शेवटी पहिला फोन येतो. "दादा, बोर्ड वाकलाय, काय करू?" जुलैत पाऊस लागून राहिला की आमच्या कोल्हापुरात जो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्या रविवारच्या ग्रुपवर नेमके तेव्हाच वाकलेल्या बोर्डांचे फोटो यायला लागतात. साठेक बोर्ड गेम्सचं आमचं सामायिक कपाट माझ्या घरी आहे, आणि गेले नऊ पावसाळे मी हेच दुरुस्त करत आलोय. एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या फोनला हेच पाठवता येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाकलेल्या बोर्डावर लगेच वजन ठेवू नका. सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिकडंच जातो. माझाही गेला होता, आणि त्याची खूण आमच्या 'तिकीट टू राइड' या रेल्वेच्या खेळातल्या अमेरिकेच्या नकाशावर कायमची आहे. ते पुढं येईलच.

लक्षणं

बोर्ड टेबलावर ठेवल्यावर चारही कडा वर उचललेल्या दिसतात, म्हणजे आकार परातीसारखा. किंवा उलटं: कडा टेकलेल्या आणि मध्ये फुगवटा, पालथ्या परातीसारखा. घडीचा बोर्ड असेल तर घडीची रेघ उभी राहते आणि त्यावरची प्यादी घसरतात.

'कटान'मध्ये समुद्राच्या चौकटीचे तुकडे एकमेकांत नीट बसत नाहीत. बसवलेच तर आतल्या १९ षटकोनी फरशांपैकी दोन-तीन तरंगतात. 'कार्कासोन'च्या फरशा रचताना शेजारची फरशी टुणकन उडते.

पत्त्यांचा गठ्ठा होडीसारखा दिसतो. पिसताना पत्ते एकमेकांत शिरत नाहीत. स्लीव्ह (पत्त्याचं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण) घातलेले पत्ते स्लीव्हला आतून चिकटल्यासारखे वाटतात.

खोक्याचं झाकण एरवी सहज निघायचं, ते आता ओढून काढावं लागतं. हे लक्षण लोक हसण्यावारी नेतात. मला मात्र ते सगळ्यात आधी दिसतं, कारण खोक्याचा पुठ्ठा बोर्डाच्या आधी फुगतो.

टोकनच्या कडेला पुठ्ठ्याचे पदर सुटायला लागतात. उघडल्यावर कोंदट वास येतो. काळे, हिरवट किंवा पांढरे केसाळ ठिपके दिसत असतील तर बाकीचं वाचत बसू नका, थेट बुरशीच्या भागाकडं जा.

आणि एक खोटं लक्षण. पत्त्यांच्या कोपऱ्यावर गडद, पारदर्शक डाग पडले असतील तर ती ओल नव्हे, भडंग आहे. तेलाचा डाग वाळत नाही आणि कुठल्याही युक्तीनं जात नाही. आमच्याकडं नियम आहे: भडंग चमच्यानं खायचं. ज्याला चमच्यानं भडंग खाणं कमीपणाचं वाटतं त्यानं त्या डावात पत्ते वाटायचे नाहीत.

"वाकला तर वाकला, खेळता येतंय की" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की बोर्डाच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरं असतं, पत्त्यांच्या बाबतीत नसतं. वळलेला पत्ता म्हणजे खूण केलेला पत्ता. 'कू'मध्ये सगळे मिळून १५ पत्ते, पाच पात्रं, प्रत्येकी तीन. सगळा खेळ थापा मारण्यावर चालतो. एका ऑगस्टमध्ये आमच्या गठ्ठ्यातला ड्यूक या पात्राचा एक पत्ता बाकीच्यांपेक्षा जास्त वळला होता आणि तीन आठवडे एक भाऊ न चुकता जिंकत होता. चौथ्या आठवड्यात त्यानं स्वतःच सांगितलं. 'हनाबी'त तर आपले पत्ते आपण पाहायचेच नसतात, तिथं पाठीवरून पत्ता ओळखू आला की खेळ संपला.

असं होतं का

कागद पाणी पितो, आणि त्याचे तंतू पाणी पिऊन लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त पसरतो. बोर्ड म्हणजे मध्ये जाड करडा पुठ्ठा, वर छापील कागद आणि त्यावर वार्निश किंवा लॅमिनेशनचा थर, खाली बहुतेक वेळा साधा काळा कागद. वरची बाजू बंद, खालची उघडी. पावसाळी हवा खालून शिरते, खालची बाजू पसरते, वरची आहे तेवढीच राहते, आणि कडा वर उचलतात. झाली परात.

गच्चीवर वाळत घातलेले पापड आठवा. वरून ऊन लागतं, वरची बाजू आधी वाळून आकसते आणि कडा वर येतात. आई पापड उलटून टाकायची, त्यावर दगड ठेवायची नाही. बोर्डाचंही तेच. दोन्ही बाजूंचं पाणी सारखं झालं की तो बहुतांशी आपोआप सपाट होतो. आपलं काम एवढंच, की कुठली बाजू जास्त प्यालीय आणि तिला पाणी कोण पाजतंय हे शोधायचं. खालच्या सगळ्या तपासण्या त्यासाठीच आहेत. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर.

नुसतं बघा

ओट्याचा कडाप्पा पुसून कोरडा करा आणि बोर्ड त्यावर ठेवा. टेबल नको, आपली टेबलंही पावसाळ्यात फुगतात. परात की पालथी परात, ते बघा. परात असेल तर खालची बाजू ओली झालीय किंवा वरची जास्त वाळलीय. पालथी परात असेल तर वरून ओल लागलीय: कुणाचा तरी ओला पेला, किंवा खोक्याच्या झाकणाकडून आलेला दमटपणा. सगळ्यात उंच जागी पट्टी लावून अंतर मोजा, तारखेसह लिहून ठेवा. हे न लिहिता जो पुढं जातो त्याला आठवड्यानं फरक पडला की नाही हेच कळत नाही.

पूर्ण बोर्डाला मिळून दोन-तीन मिलिमीटर असेल तर काही करू नका. खेळा. दिवाळीपर्यंत तो सपाट होईल.

खेळ नुकताच कुरिअरनं आला असेल तर दोन-तीन दिवस थांबा. कोरड्या गोदामातून निघालेला पुठ्ठा आपल्या जुलैत आला की पहिले काही तास वेडावाकडा वागतोच. वरचं प्लॅस्टिक काढा, झाकण उघडं ठेवा, फरशा लगेच चौकटीतून काढू नका. चौकटीत असतानाच त्यांना इथली हवा लागू दे.

चपलेची परीक्षा

ही कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात सोपी. ज्या कपाटात ठेवलेल्या कातडी चपलेवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, त्या कपाटात खेळ ठेवू नका. कातडं आणि पुठ्ठा दोघांनाही तीच हवा बाधते. यंत्र विकत घ्यायच्या आधी पायताणाला विचारा.

कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढं ओढा. मागं हवा फिरली पाहिजे. मग भिंतीची तपासणी करा: स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा आणि दोन दिवस राहू द्या. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर ओल हवेतली आहे. या दोन्हींचे इलाज पूर्ण वेगळे आहेत आणि लोक इथंच चुकतात. भिंत पाझरत असताना सिलिका जेलच्या पुड्या आणणं म्हणजे गळक्या छपराखाली फडकं पसरणं. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात आम्ही दोन पावसाळे पुड्या बदलत होतो. फॉइल लावल्यावर कळलं, की कपाटामागच्या भिंतीपलीकडं न्हाणी आहे.

खेळ जमिनीलगतच्या खणात असतील तर वर हलवा. जुन्या दगडी आणि मातीच्या भिंतींत ओल खालून वर चढते, खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा सगळ्यात वाईट.

वाळत घातलेले कपडे

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्मा आजार इथं सापडतो आणि कुणी मान्य करत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आपण काय करतो? बाहेर दोरी लावता येत नाही, म्हणून मधल्या खोलीत दोरी बांधतो आणि पंखा लावतो. खेळांचं कपाटही त्याच खोलीत. आता हिशेब बघा. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर. म्हणजे अख्खी खोली पूर्ण भरली तरी तिच्या हवेत जेमतेम पाऊण लिटर पाणी मावतं. मशिनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोन-एक लिटर पाणी सहज असतं. खोलीच्या हवेला पेलेल त्याच्या दुपटीहून जास्त. ते जाणार कुठं? थोडं खिडकीतून, बाकीचं गाद्या, पुस्तकं आणि तुमचा 'विंगस्पॅन' पितो.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मित्राचा हट्ट होता की त्याच्याकडं ओल असूच शकत नाही, भिंती कोरड्या आहेत, वारं खेळतं. भिंती खरंच कोरड्या होत्या. आम्ही फक्त दोरी दुसऱ्या खोलीत हलवली आणि कपाटाच्या खोलीचं दार लावायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत पत्ते सरळ. वहिनींनी मात्र मला अजून माफ केलेलं नाही, कारण दोरी आता त्यांच्या शिवणाच्या मशिनवरून जाते.

खिडकी उघडी ठेवावी का, हाही नेहमीचा प्रश्न. पाऊस चालू असताना बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते, तेव्हा नाही. श्रावणात ऊन पडतं त्या दोन-चार तासांत सगळं सताड उघडा, कपाटाची दारंसुद्धा. खेळ मात्र थेट उन्हात ठेवू नका. रंग उडतो, आणि एकाच बाजूनं वाळून पापड होतो.

तीनशे रुपयांचं यंत्र आणि पाच रुपयांचं मीठ

इथून खर्च सुरू. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र अडीचशे-तीनशे रुपयांपासून मिळतं. ते कपाटात ठेवा, खोलीत नको. ४५ ते ५५ टक्के असेल तर कागद खूश. ६५ च्या वर गेलं की लक्ष ठेवा. ७० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर बुरशी यायची वाट बघा. बाहेर जुलैत ८० च्या वर असतंच, त्यामुळं कपाटाचा आकडा बाहेरच्या इतकाच असेल तर तुमचं कपाट म्हणजे नुसतं लाकडी छप्पर.

स्वस्त यंत्रं खोटं बोलतात. ती तपासायची युक्ती घरातच आहे. बाटलीच्या टोपणात जेवणातलं मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पूर्ण विरघळू देऊ नका. हे टोपण आणि यंत्र एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा चिखलावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र ६९ दाखवत असेल तर ते सहा कमी दाखवतंय, तेवढे मिळवून वाचायचे. यंत्र बदलायची गरज नाही.

पुड्या आणि डबे

आकडा ६५ च्या वर असेल आणि भिंत कोरडी असेल तर सिलिका जेल. स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी ते धरतं. म्हणजे बुटाच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी दीड-दोन ग्रॅम पाण्यात गार, आणि ती दुकानातून येतानाच भरलेली असते. जमवलेल्या जुन्या पुड्या खोक्यात टाकून काही होत नाही. सुटं जेल किलोवर घ्या, केशरी रंगाचं. भरलं की रंग बदलतो, तापवून पुन्हा वापरता येतं. निळं मिळतं ते घेऊ नका, त्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं आणि घरात लहान मुलं असतात.

लाकडी कपाटात जेल ठेवणं म्हणजे अख्ख्या गावची हवा वाळवायला घेणं. कपाटाच्या फटी जिंकतात. रबरी कडेचं झाकण असलेले प्लॅस्टिकचे मोठे डबे घ्या, एकेका डब्यात चार-पाच खेळ आणि पाव किलो जेल, सुती पिशवीत बांधून. पण क्रम लक्षात ठेवा: आधी वाळवायचं, मग बंद करायचं. ओला खेळ हवाबंद केला की आपणच बुरशीचं लोणचं घातलं.

बाकीचे घरगुती उपाय भराभर. तांदूळ: पाणी फारसं ओढत नाही, पीठ आणि किडे मात्र देतो. बाजारात मिळणारे पांढऱ्या खड्यांचे ओल शोषणारे डबे काम करतात, पण त्यातल्या कॅल्शियम क्लोराइडचं खारट पाणी होतं आणि ते सांडलं तर खेळ गेला, म्हणून कपाटाच्या तळाला ठेवायचे, खेळांच्या वर कधीच नाही. डांबरगोळ्या कसर पळवतात, पण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकच्या प्याद्यांना मऊ करते. वेखंडाचे कोरडे तुकडे बरे. कडुनिंबाचा पाला वाळलेला असेल तरच. जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावून ठेवायचे, त्यानं आर्द्रता खरंच उतरते. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांत तापणारा दिवा मी लावणार नाही आणि तुम्हीही लावू नका.

आता वजन

बोर्ड पाच-सात दिवस जेलच्या डब्यात उभा ठेवा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा. रोज मोजा. बहुतेक बोर्ड इथंच निम्म्याहून जास्त सरळ होतात. उरलेल्या वाकासाठी वजन.

दोन सपाट फळ्या किंवा काचा, मध्ये बोर्डाच्या वर-खाली टिपकागद, आणि वर दहा किलोचं पिठाचं पोतं. पोतं चांगलं, कारण ते भार सारखा वाटतं. तीन दिवस. टिपकागद रोज बदला. घडीचा बोर्ड पूर्ण उघडून दाबायचा. घडी घालून दाबला तर सांधा फाटतो.

माझी चूक अशी झाली, की मी वाळवणं गाळलं आणि ओल्या बोर्डावर सरळ पाटा ठेवला. आजीचा पाटा, नुकतीच टाकी लावलेला. ओला पुठ्ठा मऊ असतो. चार दिवसांनी बोर्ड सपाट निघाला, दोन दिवसांत पुन्हा वाकला, आणि शिकागोच्या आसपास टाकीच्या खुणा उमटल्या त्या आजही आहेत. ग्रुपमध्ये त्या भागाला आता 'खाणपट्टा' म्हणतात.

इस्त्री करू नका. कुणी कितीही सांगितलं, मध्ये फडकं घातलं, तरी नाही. लॅमिनेशनची पातळ फिल्म आकसते आणि बुडबुडे येतात. तो दोष दुरुस्त होत नाही.

पत्त्यांचं वेगळं

गठ्ठा दोन-तीन दिवस जेलच्या डब्यात ठेवा, मग वळणाच्या उलट बाजूला हलक्या हातानं वाकवून दहा मिनिटं धरा. रबर लावू नका, कडा कापतो. गठ्ठा खोक्यात सैल पडत असेल तर फोमचा तुकडा घालून घट्ट बसवा. पत्त्याला वळायला जागाच नसली की तो कमी वळतो.

स्लीव्ह उपयोगी, पण त्या वरून उघड्या असतात, हवा शिरतेच. फक्त वेग कमी होतो. आणि जुलैत स्लीव्ह घालणं म्हणजे ओल आत पॅक करणं. हे काम माघ-फाल्गुनात करा. मापं बघून घ्या: 'स्प्लेंडर' ६३ बाय ८८ मिलिमीटर, 'विंगस्पॅन' ५७ बाय ८७, 'कटान' ५४ बाय ८०. सैल स्लीव्हमध्ये पत्ता आतल्या आत वळतो. चकचकीत फॉइलचे पत्ते एका बाजूला पूर्ण बंद असल्यानं सगळ्यात जास्त वळतात, त्यांना डब्याशिवाय पर्याय नाही.

शेवटचा घरगुती उपाय, आणि मला तो आवडत नाही: वाकाच्या आतल्या बाजूला पाण्याचा अगदी हलका फवारा मारून, टिपकागदात दाबून ठेवणं. आकसलेली बाजू पसरावी हा हेतू. पण ती बाजू लॅमिनेटची असेल तर पाणी आत जातच नाही, कडांवरून खालच्या थरात उतरतं आणि पदर सुटतात. आतली बाजू साध्या कागदाची असेल आणि खेळ बाजारात सहज मिळणारा असेल, तरच करून बघा.

स्वतः खेळ बनवणाऱ्यांसाठी

मी केलेल्या एका पत्त्यांच्या खेळाचे चाळीस संच छापून घेतले होते. पहिल्याच पावसात प्रत्येक संचातले निम्मे पत्ते उभे वळले, निम्मे आडवे. कारण प्रेसमध्ये एका शीटवर जास्त पत्ते बसावेत म्हणून काही पत्ते आडवे लावले होते. कागदाचे तंतू एकाच दिशेनं असतात. पत्ता फिरवला की वळणाची दिशा फिरते. त्यांची चूक म्हणवत नाही, मी विचारलंच नव्हतं. आता छापायला देताना पहिली अट तीच घालतो: सगळ्या पत्त्यांचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, एकच हवी. शीट थोडी वाया जाते, जाऊ दे. ग्रेन ओळखायला कागदाची पट्टी फाडून बघा, तंतूंच्या दिशेनं ती सरळ फाटते, आडवी वेडीवाकडी.

बोर्डाला वर जो कागद तोच खाली. वर लॅमिनेशन केलं तर खालीही. खर्च वाढतो म्हणून बहुतेकजण हे गाळतात आणि मग माझा फोन वाजतो. सावंतवाडीच्या गंजिफा बघा. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, आणि रंगरोगण पुढूनही, पाठीवरूनही. कोकणातल्या पावसात बसून काम करणाऱ्यांना दोन्ही बाजू सारख्या बंद करायचं महत्त्व सांगावं लागलं नसणार.

परीक्षण लिहिणाऱ्यांनाही एक विनंती. खेळ कुठल्या महिन्यात खेळलात ते लिहा. डिसेंबरमध्ये "पुठ्ठा उत्तम" लिहिलेला खेळ जुलैत माझ्याकडं येतो.

इथं थांबा

फॉइलची भिंतीकडची बाजू ओली निघाली तर बोर्डाचं काम बंद. आधी प्लंबर, मग गवंडी. याच क्रमानं, कारण नळ गळत असताना वॉटरप्रूफिंग करून घेतलेल्यांची भिंत मी पाहिलीय. खेळ तोवर दुसऱ्याच्या घरी.

बोर्डाचा वरचा कागद पुठ्ठ्यापासून सुटला असेल, घडीचा सांधा फाटला असेल, किंवा पुठ्ठ्याचेच पदर उलगडले असतील तर फेविकॉल घेऊन बसू नका. ते पाणीदार असतं, नवी ओल आणि नवा वाक देतं. चांगल्या बाइंडरकडं जा. महाद्वार रोडच्या आसपास किंवा शाहूपुरीत चौकशी केलीत तर जुने, हातानं वह्या-रजिस्टरं बांधणारे कारागीर अजून सापडतात. त्यांना "बोर्ड गेम" म्हणून सांगू नका, "पुस्तकाच्या कव्हरासारखा पुठ्ठा आहे, दोन्ही बाजूंना कागद सारखा ताणून द्या" असं सांगा. लगेच कळतं. ऑगस्टमध्ये मात्र नेऊ नका, त्यांची खळही वाळत नसते.

खेळ नवा असेल आणि कोरड्या महिन्यातही वाकडाच निघाला असेल तर तो ओलीचा नव्हे, बनावटीचा दोष आहे. हात लावायच्या आधी फोटो काढा, प्रकाशकाला पाठवा. अनेक प्रकाशक सुटे भाग बदलून देतात. तुम्ही वजन, फवारा, इस्त्री करून झाल्यावर मागितलं तर त्यांनी का द्यावं?

बुरशी. लॅमिनेटवर दोन-चार ठिपके असतील तर मास्क लावून, गॅलरीत नेऊन, मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेला झटका. मग कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा, शाई सुटते का. शेगडीजवळ नको. साध्या कागदात, पुठ्ठ्याच्या आत बुरशी शिरली असेल तर तो भाग फेका. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्याच्यापासून लांब करा, आणि बुरशीचा खेळ उघडल्यावर कुणाची छाती भरून आली तर बोर्ड राहू दे, डॉक्टरकडं जा. जुन्या हातानं रंगवलेल्या गंजिफा किंवा पणजोबांचा कापडी सारीपाट असेल तर यातलं काहीच करू नका, वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या जतन-तज्ज्ञाला दाखवा.

आणि पूर. २०१९ ला आणि २०२१ ला पुराच्या पाण्यात बुडालेले खेळ माझ्याकडं आले होते, प्रत्येकजण विचारत होता की वाळवून चालेल का. नाही चालणार. ते पाणी गटाराचं असतं. पुठ्ठा, पत्ते, नियमांचं पुस्तक, लाकडी प्यादी सगळं टाकून द्यायचं, विमा असेल तर आधी फोटो काढून. प्लॅस्टिक तेवढं वाचतं: साबणानं धुवा, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा, वाळवा. एकाचा 'अझुल' असाच वाचवला. बोर्ड गेले, फरशा राहिल्या. वाळल्यावर मोजून घ्या, १०० भरायला पाहिजेत, पाच रंग, प्रत्येकी २०. त्याच्या ९९ भरल्या, एक निळी पंचगंगेत गेली. तिथं आता सदऱ्याचं बटण चालतं.